एपीआयचा दर वाढला तर?

प्रश्न : माझं छोटं अ‍ॅप एका मोठ्या प्लॅटफॉर्मच्या एपीआयवरच चालतं. धोका कितपत?

उत्तर : मोठा आहे. ख्रिश्चन सेलिग यांचं ‘अपोलो’ हे रेडिटसाठीचं लोकप्रिय अ‍ॅप आठवा. २०२३ मध्ये रेडिटने दर सांगितला : ५ कोटी विनंत्यांना १२ हजार डॉलर. अपोलोच्या विनंत्या महिन्याला ७०० कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर! महिनाभरात, ३० जूनला, अ‍ॅप बंद पडलं. त्यात वार्षिक वर्गणी आधीच घेतलेली. ती परत करण्याचं ओझं सेलिग यांच्याच डोक्यावर. मला हेच सर्वांत जिव्हारी लागतं. म्हणून वर्गणीचे पैसे आले की लगेच खर्चू नका, महिन्याच्या हिशेबाने वापरा. आणि एका वापरकर्त्यामागे रोज किती विनंत्या जातात, हे आजच मोजा.