बोनेअरला उतरशील तेव्हा

अगं, तुमच्या क्रूझच्या यादीत बोनेअर दिसलं आणि मला राहवेना. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. जहाज धक्क्याला लागायच्या आत तुझी दहा ठिकाणांची यादी तयार असेल. ती बाजूला ठेव. तिथे एकच काहीतरी निवड आणि ते मन लावून बघ.

बेटाची वस्ती 25 हजारांच्या आसपास, आणि एकेका मोठ्या जहाजातून तीन-चार हजार माणसं एकदम उतरतात. सगळेच घाईला आले तर त्या लोकांनी काय करावं? तिथला कारभार निवांत असतो. दुकानात शिरलीस की आधी ‘बोन दिया’ म्हण, मग भाव विचार. निघताना ‘दानकी’ म्हणायला विसरू नकोस. बेट डच राज्यातलं असलं तरी तिथे 2011 पासून अमेरिकी डॉलरच चालतो. सुटे तेवढे जवळ असू दे.

जहाज क्रालेनडाइक गावालाच लागतं, त्यामुळे गावात फिरायला वाहन लागत नाही. पोहता येत असेल तर समोरच्या क्लाइन बोनेअरला छोट्या बोटीने जा. तिथे ना वस्ती, ना दुकान. पाणी, टोपी, खाऊ सगळं बरोबर घे. किनाऱ्याने थोडं वर चालत जायचं आणि पाण्यात उतरून प्रवाहाबरोबर तरंगत परत यायचं. डोकं पाण्याखाली घातलंस की कुरुम-कुरुम ऐकू येईल. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतात, त्याचा तो आवाज. बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून संरक्षित आहे, म्हणून हे अजून दिसतं. तेव्हा प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, शिंपला उचलायचा नाही. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनला तिथे बंदी आहे, बाटलीवर वाचूनच घे. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ भाजलेली कळते. सरळ पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाल.

पण तुला पाण्याची भीती वाटते, हे मला माहीत आहे. मग तू दक्षिणेच्या रस्त्याने जा. टॅक्सीवाल्याशी जाण्या-येण्याचे पैसे आणि थांबण्याचा वेळ आधीच ठरवून घे. वाटेत मिठागरं लागतात. पाणी चक्क गुलाबी आणि पलीकडे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. फ्लेमिंगो दिसले तर रस्त्यावरूनच बघ. ते बुजरे असतात. फोटोसाठी जवळ गेलीस तर उडून जातील, आणि ती जागा त्यांच्या विणीची आहे.

तिथेच समुद्राकाठी गुलामांच्या झोपड्या आहेत. तिथे मात्र गाडीतून उतर. वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही इतकं दार बुटकं. या मिठागरांत राबणारी माणसं रात्री यात झोपायची. घरची मंडळी राहायची दूर, रिंकॉनला, आणि सुट्टी मिळाली की ही माणसं तासन् तास चालत तिथवर जायची. तिथली गुलामगिरी 1 जुलै 1863 ला संपली. मुलांना हे तिथेच उभं राहून सांग. दारात पोझ देऊन फोटो मात्र काढू नका.

त्याच रस्त्याने पुढे सोरोबोन. खाडीचं पाणी बरंच आत गेलं तरी कमरेइतकंच असतं. लाईफ जॅकेट घाल आणि निर्धास्त पाण्यात बस. तिथे दोन तास काहीही करू नकोस. सुट्टी त्यासाठीच घेतलीयस ना?

आता वेळेचं. बेटाचं घड्याळ आणि जहाजाचं घड्याळ यांत हिवाळ्यात तासाचा फरक पडू शकतो. खाली उतरताना जहाजावरची वेळ विचार आणि मनगटावर तीच ठेव. आपण आपले फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. सहल जहाजाकडूनच घेतली असेल तर गोष्ट वेगळी. पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये असू दे आणि शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर ये.

बाकी काही राहिलं तर राहू दे गं. एक जागा नीट बघितलीस तरी तो दिवस सार्थकी लागला असं समज.