शाखा उघडण्यापूर्वी

रामनगर, तालुका जोयडा

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र आणि मस्कत व नैरोबी येथील नियोजित शाखांचा मसुदा पावला. बेळगावात आरंभिलेल्या तुझ्या फिजिओथेरपी-प्रशिक्षणाच्या संस्थेला परमुलुखातून बोलावणे यावे याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच करारनाम्यावर सही होण्यापूर्वी मनातले स्पष्ट लिहिते.

आपल्या तालुक्यातले कॅसलरॉक तुला ठाऊक आहेच. १९६१ पर्यंत तेथून पुढे पोर्तुगीजांचा अंमल होता. मीटरगेजचे रूळ हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, तरीही उतारूंच्या सामानाची जकातीसाठी झडती झाल्यावाचून गाडी पुढे जात नसे. तुझ्या विद्येचेही तसेच आहे. गुडघ्याचा सांधा सर्वत्र एक. परंतु रुग्णावर उपचार करण्याचा परवाना ज्या त्या देशाचा कायदा देतो, तुझे प्रमाणपत्र देत नाही, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापावेस. कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलाला हे मागाहून कळणे हा उघड अन्याय होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यात १९५६ साली एक रुग्ण पाठ मागे वाकलेल्या स्थितीत काही वेळ पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातली वेदना ओसरली. त्या एका निरीक्षणाचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, १९८१ साली कमरेच्या मणक्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि संस्था स्थापली ती १९८२ साली. आज भारतासह अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. पद्धती आधी परक्या हातांना पडताळता येईल अशी लेखी उतरली आणि विस्तार मागाहून झाला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तुझ्या मसुद्यात जागेच्या भाड्याला तीन पाने आहेत, शिक्षक घडविण्याला मात्र एक परिच्छेद.

मानेच्या मणक्यावर अंगठ्याचा दाब किती द्यावा हे चित्रफितीवरून कळत नाही. शिकणाऱ्याने तो शिक्षकाच्याच मानेवर देऊन दाखवावा आणि शिक्षकाने ‘थोडा कमी, आता धर’ असे म्हणत त्याचा हात तयार करावा, हाच खरा शिरस्ता. सबब नैरोबीचा शिक्षक नैरोबीतलाच हवा, आणि परीक्षेत नापास करण्याचा अधिकारही त्याला हवा. एरवी ती शाखा म्हणजे बेळगावच्या दप्तराची केवळ पोहोच ठरेल. रोग्याचे जगणेही त्यालाच कळते. आपल्याकडची कुणबी बाई ओणवी राहून भाताची लावणी करते, उकिडवी बसते, डोक्यावरून मोळी आणते. खुर्चीवरून विनासायास उठता आले म्हणजे ती बरी झाली असे मानणारा पाठ तिच्या कामाचा नाही. तेथील माणसांच्या श्रमांना अनुरूप असे पाठ तेथील शिक्षकाकडूनच लिहवून घे, आणि त्यांपैकी जे उत्तम उतरतील ते बेळगावच्या वर्गातही शिकव.

मस्कतची तजवीज तूर्त वर्षभर लांबणीवर टाक. नैरोबीच्या करारातले परीक्षकांविषयीचे कलम पुन्हा लिहून काढ, आणि सही करण्यापूर्वी मला वाचायला पाठव.

तुझी,
आत्या