राईस मिलची घरघर आणि चुंबकाने घट्ट होणारा द्रव

प्रश्न : चामोर्शीत आमच्या घरामागे राईस मिल आहे. धान भरडाईच्या हंगामात खिडक्या लावल्या तरी घुमणारा आवाज येतोच. चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे सँडविच पॅनेल बसवले तर थांबेल का?

उत्तर : नाही. पैसे जपून ठेवा. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या मोटरचा मूळ कंप सेकंदाला 24. हवेत त्याची एक लाट सुमारे 14 मीटर लांब. पातळ पत्रा तिला अडवत नाही, तिच्याबरोबर स्वतःच हलतो. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी फरक जेमतेम 6 डेसिबलचा.

कल्पना मात्र सुरेख आहे. तेलात लोखंडाची बारीक भुकटी असते. चुंबकीय क्षेत्र येताच कण साखळ्या धरतात आणि काही मिलिसेकंदांत तेल खव्यासारखे घट्ट होते. दोन पत्र्यांमध्ये ते भरले की पॅनेलचा ताठरपणा, आणि म्हणून त्याची अनुनाद-वारंवारिता, वीज देऊन सरकवता येते. आज हा द्रव महागड्या मोटारींच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरमध्ये दिसतो. भिंतीएवढ्या पॅनेलमध्ये भुकटी तळाशी बसते. कॉइल आणि विजेचा खर्च वेगळाच.

जोत्याला हात लावून पाहा. तिथेही थरथर जाणवली तर कंप जमिनीतून येतोय. मग मिलमालकांशी बोला : यंत्राखाली स्प्रिंगचे आधार आणि यंत्राचा पाया सुटा. तक्रार केलीच, तर रात्री 10 नंतर निवासी भागाची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण ती ‘ए’ भारांकनाची. त्यात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी दिसतो. म्हणून ‘सी’ भारांकनाची नोंदही मागा.