अर्थिंग आणि बाँडिंग : मशीनची हिरवी-पिवळी वायर



"अर्थिंग म्हणजे काय?" असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, "जादा वीज जमिनीत जाते." हे उत्तर अर्धंच आहे. पिठाची गिरणी असो की कारखान्यातलं लेथ मशीन, माणूस नेमका कशामुळे वाचतो ते पाहू.

१) नुसती जमीन पुरत नाही

समजा, मोटारीतली फेजची वायर सोलली आणि लोखंडी बॉडीला चिकटली. बॉडी फक्त जमिनीतल्या रॉडला जोडलेली आहे आणि त्या वाटेचा रोध २० ओहम आहे.
२३० ÷ २० = ११.५ अँपिअर.
१६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडत नाही. मशीन चालूच राहतं आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो.

आता बॉडीपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत तांब्याच्या तारेची सलग वाट आहे, रोध अर्धा ओहम.
२३० ÷ ०.५ = ४६० अँपिअर.
एमसीबी क्षणात पडतो. म्हणजे वीज जिथून निघाली तिथे परत जाण्याची सोपी वाट हवी. ही जोडणी जाणकारांचंच काम आहे. घरी कुणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करू नये. जिथे अशी वाट नसते तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

२) बाँडिंग म्हणजे काय?

मशीनचे सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडणे म्हणजे बाँडिंग. त्यामुळे दोन भागांना एकाच वेळी हात लागला तरी त्यांच्यात धोकादायक व्होल्टेज राहत नाही. कंट्रोल पॅनेलच्या दारावर बटणं, दिवे असतात. दार बिजागरीने जोडलेलं असलं तरी रंग, गंज, ग्रीस यांमुळे बिजागरीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दार आणि पेटी यांच्यात वेगळी वायर लावतात. ती लावताना खालचा रंग खरवडून काढावा लागतो.

३) मशीन आपोआप सुरू होऊ नये म्हणून

कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थला जोडतात. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं एक टोक थेट याच बाजूला असतं आणि स्टार्ट-स्टॉप बटणं दुसऱ्या बाजूला. बटणाची वायर बॉडीला चिकटली तर फ्यूज उडतो आणि मशीन थांबतं. हेच उलटं जोडलं, म्हणजे बटण अर्थच्या बाजूला ठेवलं, तर वायर बॉडीला चिकटताच बटण दाबल्यासारखं होतं. कुणाचा हात आत असताना मशीन सुरू झालं तर? यंत्रांसाठीच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात अशा चुकीच्या सुरुवातीपासून संरक्षण मागितलं आहे. अर्थिंगसाठी आपल्याकडे आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे.

वर्गात काय करावे?

• बोर्डातून काढलेला थ्री-पिन प्लग दाखवा. मोठी पिन जाड आणि लांब का? ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते.
• वरची दोन गणितं मोठ्या मुलांकडून करून घ्या.
• पॅनेल उघडून दाखवू नका, चित्र काढा.

पालकहो, गिरणी, पंप किंवा कूलरची हिरवी वायर "नसली तरी चालतं" म्हणून कापू नका. ती नसतानाही मशीन चालतं, हाच तर खरा धोका आहे. आज घरातले प्लग मुलांसोबत मोजा. किती प्लगना तिसरी पिन आहे?