टाकीतील दूत

मोटारीच्या चालकासमोर लहानमोठ्या तबकड्या असतात. त्यांपैकी एका तबकडीवरील काटा टाकीत पेट्रोल किती उरले आहे, हे सांगतो. चालकाला टाकीत डोकावून पाहता येत नाही. म्हणून तो काट्यावर विसंबून राहतो. परंतु काट्याने तरी पेट्रोल कोठे पाहिलेले असते? त्याला बातमी देणारा दूत टाकीच्या आत बसलेला असतो.

या दूताची रचना साधी आहे. पेट्रोलवर एक हलका फ्लोट तरंगत असतो. तो एका दांडीच्या टोकाला जोडलेला असतो. पेट्रोल कमी झाले की फ्लोट खाली जातो, दांडी कलते आणि तिला जोडलेली धातूची पट्टी तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजेच रोध, बदलतो आणि काटा हलतो.

वर्षानुवर्षे घासून ही तार झिजते. फ्लोटला चीर पडली, तर त्यात पेट्रोल शिरून तो बुडतो; मग भरलेली टाकीही रिकामी दिसते. दांडी वरच अडकली, तर रिकामी टाकी भरलेली दिसते आणि चालक आडरानात अडकून पडतो.

उतावळा कारागीर अशा वेळी तबकडीच बदलतो. जाणता कारागीर आधी दोषाचे मूळ शोधतो. ज्या मोटारीत टाकीकडील तार सरळ काट्याकडे जाते, तेथे टाकी न उघडता तो ती तार सोडवतो. काटा एका टोकास जातो. तीच तार क्षणभर मोटारीच्या लोखंडी सांगाड्यास टेकवताच काटा दुसऱ्या टोकास गेला, तर काटा आणि तार निर्दोष ठरतात. मग टाकीजवळची गंजलेली जोडणी तो घासून पाहतो. तरीही काटा सुधारला नाही, तर दोष दूताचाच.

दूत बदलण्याचे काम जोखमीचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून कारागीर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवतो, मोकळ्या हवेत काम करतो आणि विडीकाडी दूर ठेवतो. नवा दूत बसवताना तो रबरी कडेही नवे घालतो.

नवा दूत त्याच काट्याला साजेसा हवा. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या अनेक मोटारींत रिकाम्या टाकीचा रोध सुमारे ० आणि भरलेल्या टाकीचा ९० ओहम असे. फोर्डच्या अनेक जुन्या मोटारींत मात्र तो रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला १० ओहम असे. एकीचा दूत दुसरीत बसविला, तर तो नवाकोरा असूनही उलटी बातमी देईल!

काटा ऐकलेली बातमीच सांगतो. म्हणून त्याला खोटा ठरविण्यापूर्वी, त्याला बातमी कोण देतो, हे पाहणे शहाणपणाचे असते.

स्वाध्याय
१. फ्लोट खाली गेला की काटा कसा हलतो, ते क्रमाने लिहा.
२. लेखकाने फ्लोटच्या यंत्रणेला ‘दूत’ का म्हटले आहे?
३. कारणे द्या : टाकीचे काम मोकळ्या हवेत करतात.
४. वाक्यात उपयोग करा : विसंबून राहणे, डोकावून पाहणे.