परक्या उजेडात जाताना

बाळ, पॅरिसहून होकार आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि मी गॅसवरचं दूध विसरले. सेनकाठच्या ‘सिते अँतेर्नासिओनाल देझार’मध्ये तीन महिने, स्वतःची खोली आणि दिवसभर फक्त रंग! १९६५ पासून जगभरचे चित्रकार, गाणारे, लिहिणारे तिथल्या तीनशेवर खोल्यांतून राहून गेलेत, आता त्यातल्या एका दाराची किल्ली तुझ्या हातात. मी त्या शहरात राहून आले त्याला बरीच वर्षं झाली. दुकानं बदलली असतील, उजेड बदललेला नाही. म्हणून आत्याचं थोडं ऐक. अर्धं तू विमानतळावरच विसरशील, तेव्हा लिहूनच देते.

१. मुक्कामाचे महिने मोजू नकोस, दिवस मोज – शेंगेनच्या साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात, आणि तुझे ऑक्टोबर ते डिसेंबर भरतात ९२.

२. रंगाच्या ट्यूब मोजक्या घे, टर्पेंटाइन तर मुळीच नको – ते पेट घेणारं, विमानात चालत नाही. तिथे लूव्ह्रच्या समोरच्या तीरावर सेनेलिएचं दुकान १८८७ पासून उभं आहे, रंगावाचून तुझं अडायचं नाही.

३. टोकं झिजलेले जुने ब्रश मात्र टॉवेलात गुंडाळून ने – नवा ब्रश मिरवायला, जुना ब्रश निभवायला.

४. पहिला आठवडा कॅनव्हास ताणू नकोस, पेन्सिल आणि वही घेऊन नुसती चाल – डोळे अजून घरीच असतात. मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी चार फुटी कॅनव्हास ताणला आणि डोक्यातून नेलेलं कोकणातलं अंगण रंगवायला बसले. तोच यलो ऑकर, तोच बर्न्ट सिएना, पण ऊन काही उतरेना. आठ दिवस खरवडत बसले. दोष रंगांचा नव्हता. डिसेंबरच्या भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो आणि पॅरिसला जेमतेम १८. म्हणजे तिथली दुपार आपल्याकडच्या साडेचारच्या सावल्या घेऊन येते. ऊन डोक्यावर पडत नाही, बाजूनं येतं. भिंती उजळतात, जमीन राखाडीच राहते. खिडकीत बसून मी त्या राखाडीत जांभळं कुठे आहे, हिरवट कुठे आहे ते शोधायला लागले, तेव्हा कुठे काम सुरू झालं. पुढे घरी आल्यावर आपल्या उन्हातही मला तोवर न दिसलेल्या सावल्या दिसल्या. परदेशानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

५. पहिला आठवडा सरला की लगेच सकाळी रंग, संध्याकाळी वही असा नेम लाव – तू जाशील तेव्हा दिवस बारा तासांना थोडाच कमी असेल, पण डिसेंबरच्या शेवटी सव्वाआठ तासांवर येतो आणि पाचच्या सुमाराला दिवे लागतात. उशिरा उठायची तुझी सवय मला माहीत आहे गं, म्हणून बजावते.

६. रात्री रंगवायचंच असेल तर ५००० केल्विनचा पांढरा दिवा आणून लाव – पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग फिका भासतो, हात तो वाढवत जातो, आणि सकाळी चित्राला कावीळ झालेली दिसते.

७. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नकोस. पसरून वाळव, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडव – हे तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात कोंडलेली ती ऊब आपोआप पेट घेऊ शकते. चिंधीची हयगय, घराची राख.

८. थंडी असली तरी खिडकी बोटभर उघडी ठेव – टर्पेंटाइनचा वास आपल्याला सवयीनं येईनासा होतो, छातीत मात्र जातच राहतो.

९. म्युझियमला जाशील तेव्हा एका दिवशी एकच दालन बघ, आणि त्यातही एका चित्रासमोर अर्धा तास बस – पंचवीस ताटं चाखली की एकाही पदार्थाची चव जिभेवर राहत नाही. लूव्ह्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी. ऑर्सेला महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट नसतं, पण गर्दी असते. ओरांजरीत मोनेच्या कमळांच्या लंबगोल खोल्यांत मात्र सकाळी उघडताक्षणी जा.

१०. पुस्तकात पाहिलेलं चित्र ‘पाहिलंय’ म्हणून ओलांडून जाऊ नकोस – छापात रंग येतो, आकार येत नाही. आपले तय्यब मेहता बघ. लंडनला पाच वर्षं राहून आले होते, चांगले जाणते चित्रकार होते. १९६८ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि बार्नेट न्यूमनची चित्रं प्रत्यक्ष समोर आली. तीच त्यांनी आधी छापलेली पाहिली होती. पण माणसाहून उंच, सपाट रंगाच्या त्या कॅनव्हाससमोर उभं राहणं वेगळं. तोवर ते रंगाचे जाड थर देत, त्यानंतर थर गेले आणि सपाट, स्वच्छ रंगक्षेत्रं आली. परतल्यावर १९६९ मध्ये कॅनव्हास काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून त्यांनी त्यावर तिरकी रेघ ओढली, आणि त्या रेघेनं पुढची कितीतरी चित्रं उभी केली. नीट लक्षात घे, न्यूमनच्या पट्ट्या सरळ उभ्या आहेत. तय्यबजींची रेघ तिरकी, माणसाला मधोमध चिरणारी, फाळणीची दंगल डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची. मोकळी जागा त्यांनी तिथून आणली, जखम इथलीच होती.

११. म्हणून जे आवडेल ते त्याच आठवड्यात स्वतःच्या कॅनव्हासवर आणू नकोस, वहीत तारीख घालून ठेव – उसना रंग लवकर वाळतो आणि लवकर सुटतो.

१२. दुकानात, लिफ्टमध्ये, पावाच्या रांगेत आधी ‘बोंजूर’ म्हण, मग काय हवं ते माग – तिकडे त्यावाचून बोलणं म्हणजे चपला न काढता देवघरात शिरणं. मला हे कळायला पंधरा दिवस लागले आणि तेवढे दिवस मी लोकांना तुसडे समजत राहिले.

१३. शेजारच्या खोलीचं दार आपण होऊन ठोठाव, हातात पोह्यांची बशी असली तर उत्तम – रेसिडेन्सीतलं निम्मं शिक्षण जिन्यावर होतं. माझी समोरची शेजारीण कोरियाची होती. ती कागद भिजवून, ताणून, दोन दिवस नुसता राहू द्यायची. मी रोज पाहत होते, विचारलं शेवटच्या आठवड्यात.

१४. ओपन स्टुडिओच्या दिवशी अर्धवट चित्रंही भिंतीवर लाव – पुरं झालेल्या चित्राला लोक ‘छान’ म्हणतात, अर्धवटाबद्दल प्रश्न विचारतात.

१५. चित्रकलेच्या बाहेरचं आपलं एखादं काम सोबत ने, विणकाम, भजन, काहीही – घर आठवून हात थांबतात तेव्हा तेच चालू राहतं. गोरेगावात जन्मलेले चित्रकार मोहन सामंत १९६८ मध्ये न्यूयॉर्कला कायमचे राहिले, पण सारंगी त्यांनी सोडली नाही.

१६. शेवटचे पंधरा दिवस तैलरंगाचा नवा कॅनव्हास सुरू करू नकोस, कागदावर काम कर – तेलाचा जाड थर वाळायला महिने घेतो, विमान काही थांबत नाही.

१७. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेव, मध्ये ग्लासिन कागद घाल आणि रुंद नळी घे – आत गुंडाळला की थर दबून सुरकुततो, अरुंद नळीवर तडकतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर थंडीतून आणल्यावर दिवसभर खोलीत राहू दे, मग उलगड. गारठ्यात तो थर कडक होतो. माझं एक निळं चित्र अशाच घाईत गेलं, अजून मनातून जात नाही.

१८. परत आल्या आल्या ‘पॅरिसची चित्रं’ म्हणून प्रदर्शन लावू नकोस, लोक कितीही म्हणोत – तिथे पाहिलेलं हातात उतरायला वेळ लागतो. चित्रकार रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, फ्रेंच खेडी नि चर्चं रंगवून नाव झालं. तरी काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत होतं. सत्तरच्या दशकात ते पुन्हा पुन्हा इकडे आले, अजिंठा-वेरूळ पाहिलं, आणि लहानपणी शाळेच्या भिंतीवर मास्तरांनी काढून दाखवलेला ठिपका त्यांना बिंदू होऊन सापडला. गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन आले, आल्यावरही घाई नाही, वर्षाकाठी मोजकीच चित्रं. तुला कुणी विचारलं, ‘काय बदललं तुझ्यात?’ तर खुशाल सांग, अजून पाहतेय.

१९. आईला रविवारी फोन कर, आणि चित्राबद्दल नाही, जेवणाबद्दल बोल – तिला चित्रं कळतात, पण काळजी जेवणाची असते.

२०. परत आलीस की पहिली गुंडाळी माझ्याकडे घेऊन ये. माझ्या ओटीवर अकरापर्यंत थेट ऊन येत नाही, आपण सकाळी लवकर उलगडू.