जुन्या टू-इन-वनचे स्पीकर : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

आज पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत मोबाईल दुरुस्तीची दुकाने गल्लोगल्ली दिसतात. रेडिओ-टेपचे काम जाणणारा कारागीर मात्र शोधावा लागतो. अशा वेळी लोक माळ्यावर पडलेले जुने टू-इन-वन खाली काढून दुकानात घेऊन येत आहेत आणि कारागीर बंधूंपुढे प्रश्न उभा राहतो : हे काम घ्यावे की परत पाठवावे? आमचे मत असे की काम अवश्य घ्यावे, परंतु पद्धतशीरपणे करावे. या लेखात आपण या सेटमधील सर्वांत जास्त बिघडणारा भाग, म्हणजे स्पीकर, याचा विचार करू.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आणली आणि १९६६ मध्ये रेडिओ व कॅसेट रेकॉर्डर एकाच पेटीत बसवला. पुढे जपानी कंपन्यांनी त्याला दोन मोठे स्पीकर दिले. सोनी, शार्प, सान्यो, नॅशनल पॅनासोनिक ही नावे आखाती देशांत नोकरी करून परतणाऱ्यांनी घरोघरी पोहोचवली. आपल्या भागात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, निरनिराळ्या प्रांतांतून कामगार आले आणि त्यांच्याबरोबर निरनिराळे सेटही आले.

हे सेट केवळ गाण्यांसाठी नव्हते. पत्र लिहिण्याऐवजी कॅसेट भरून पाठवण्याची रीत आखातात गेलेल्यांच्या घरी सर्रास होती. आज जो ग्राहक असा सेट घेऊन येतो त्याच्या घरी बहुधा वडिलांचा किंवा आजीचा आवाज असलेली एखादी कॅसेट असते. तो आवाज ऐकावा एवढीच त्याची इच्छा असते. म्हणून हा सेट आपल्याकडे अमानत आहे असे समजूनच त्याला हात लावावा.

दोष स्पीकरचा की सर्किटचा?

आवाज फाटला की स्पीकर गेला असे मानून नवा स्पीकर टाकणे ही या धंद्यातील नेहमीची घाई आहे. आधी पुढील क्रमाने तपास करावा.

पहिली गोष्ट, सेटचा प्लग काढावा, सेल काढावेत आणि मगच मागचे झाकण उघडावे. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात हे विसरू नये.

दुसरी गोष्ट, डाव्या स्पीकरच्या वायरी उजवीकडे आणि उजव्याच्या डावीकडे जोडून पाहाव्यात. दोष स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर खराब. दोष पहिल्याच बाजूला राहिला तर तो सर्किटमध्ये आहे. स्पीकर बदलून काही उपयोग नाही. पुष्कळ वेळा व्हॉल्यूम किंवा बॅलन्सच्या कंट्रोलमधील धूळच खरखर करत असते आणि ती साफ केली की काम संपते.

तिसरी गोष्ट, स्पीकर सोडवून मल्टीमीटरने मोजावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ४ आणि ८ ओहमचा ६ ते ८ दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा कागदापासून पट्टीपर्यंत येणारी विणलेली तार तुटली आहे. ही तार बाहेरूनच जोडता येते. तेवढ्यासाठी स्पीकर फेकू नये. पिझो प्रकारच्या लहान ट्विटरमध्ये कॉइल नसते, त्यामुळे तो चांगला असूनही मीटर हलत नाही. तो जळाला असे समजू नये. स्वस्त सेटमध्ये तर कधी कधी ट्विटर निव्वळ शोभेचा असतो, त्याला वायरच नसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नवा स्पीकर जोडण्यापूर्वी सेट सुरू करून आवाज शून्यावर ठेवावा आणि स्पीकरच्या दोन वायरींमधील डीसी व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असले पाहिजे. दोन-चार व्होल्ट दिसत असतील तर आऊटपुटचा कपॅसिटर किंवा आयसी खराब आहे आणि जुना स्पीकर बहुधा त्यानेच जाळला आहे. तो दोष तसाच ठेवून नवा स्पीकर लावला तर तोही जळेल आणि ग्राहक दोष आपल्याला देईल.

खाऱ्या हवेचा परिणाम

चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे ही सारी गावे समुद्रालगत आहेत. खारी दमट हवा स्पीकरला दोन ठिकाणी खाते. लोखंडी चौकटीला आणि पट्ट्यांना गंज चढतो, आणि कागदाच्या कडेला असलेला फोम विरतो. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलाव्याने तो आधी चिकट होतो आणि नंतर बोट लावताच भुगा होऊन पडतो. सेट बंद ठेवला म्हणून हे टळत नाही. कापडी किंवा रबरी कड पुष्कळ जास्त टिकते.

फोम गेला म्हणजे स्पीकर मेला असे नव्हे. कॉइल शाबूत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कागद सारखा दाबल्यावर आत घासल्याचा आवाज येत नसेल, तर फक्त नवी कड लावावी. जुना फोम व त्याखालचा गम हळूहळू खरवडून काढावा, मापाची नवी कड प्रथम कागदाला आणि नंतर चौकटीला चिकटवावी. घाईने सुकणारा गम वापरू नये. पाण्यात मिसळणारा पांढरा गम वापरला तर कॉइल मध्यावर आणण्यास वेळ मिळतो. मधली टोपी काढून कॉइलच्या फटीत जुन्या फोटो निगेटिव्हच्या सारख्या जाडीच्या तीन-चार पट्ट्या बसवाव्यात, गम पूर्ण वाळल्यावर त्या काढाव्यात आणि टोपी परत चिकटवावी. ही फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. दागिन्यांचे डाय कोरणारे चिंचणी-डहाणूचे कारागीर केसाएवढ्या मापाचे महत्त्व जाणतात. येथेही तोच हात लागतो.

मूळ स्पीकर वाचला तर सेटचा मूळ आवाज वाचतो आणि जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्याच्या दृष्टीने सेटची किंमतही टिकते. म्हणून बदलणे हा शेवटचा उपाय समजावा.

नवा स्पीकर निवडताना

जेव्हा बदलण्यावाचून गत्यंतर नसते तेव्हा चार मापे कागदावर लिहून घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नये. स्पीकरचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधील अंतर, मागची खोली आणि ओहम. चार इंची म्हणून विकत घेतलेला स्पीकर भोकांना जुळत नाही किंवा त्याचे मॅग्नेट सेलच्या खणाला टेकते, हा अनुभव पुष्कळांना येतो.

ओहमच्या बाबतीत तडजोड करू नये. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर लावला तर आयसीतून सुमारे दुप्पट प्रवाह जातो. आवाज काही दिवस मोठा वाटतो, पण आयसी तापते आणि शेवटी जाते. जुन्या सेटची आयसी आज सहज मिळत नाही. मिळाली तरी अस्सल असेलच असे नाही. याउलट ४ च्या जागी ८ ओहम लावला तर आवाज थोडा कमी होतो, सेटला धोका नसतो.

मोटारीचा स्पीकर महाग आहे म्हणून टू-इन-वनमध्ये चांगला वाजेल, हाही गैरसमज आहे. तो बहुधा ४ ओहमचा असतो आणि त्याला हलवायला जास्त ताकद लागते. डब्यावर संवेदनशीलता डेसिबलमध्ये लिहिलेली असते ती पाहावी. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. म्हणजे ९२ डेसिबलच्या जुन्या हलक्या कागदी स्पीकरइतका आवाज ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायचा तर चौपट वॅट हवेत, आणि ते या सेटकडे नसतात.

पीएमपीओचा भुलभुलैया

नव्वदच्या दशकात सेटवर ‘पीएमपीओ’ या नावाने शेकडो वॅटचे आकडे छापलेले असत. त्यांवर विसंबून मोठा स्पीकर घेणाऱ्या ग्राहकाला साधा हिशेब समजावून सांगावा. आठ मोठ्या सेलचा सेट १२ व्होल्टवर चालतो. साध्या आऊटपुटला व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची आठपट, हे सूत्र लागते. १२ चा वर्ग १४४. ४ ओहमची आठपट ३२. उत्तर साडेचार वॅट. ८ ओहमला सव्वादोन वॅट. ब्रिज पद्धतीच्या आऊटपुटमध्ये हा आकडा चौपट होतो. आणि हे सर्व कागदावरचे कमाल आकडे आहेत. प्रत्यक्षात याहून कमीच मिळते. तेव्हा १० ते १५ वॅट खऱ्या क्षमतेचा, हलक्या कागदाचा स्पीकर बहुतेक सेटला पुरेसा होतो. ‘शंभर वॅटचा टाकला’ असे सांगून जादा पैसे घेणे म्हणजे वजनात मारण्यासारखेच आहे.

जोडणी आणि चाचणी

प्रत्येक स्पीकरला धन व ऋण टोक असते. खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कागद बाहेर आला की सेलचे धन ज्या टोकाला आहे तेच स्पीकरचे धन. दोन्ही स्पीकर एकसारखे जोडावेत. एक उलटा लागला तर ठेका पोकळ वाटतो, कारण एक कागद हवा ढकलतो तेव्हा दुसरा ती ओढतो.

ब्रिज आऊटपुटच्या सेटमध्ये स्पीकरची कोणतीही वायर ग्राऊंडला जोडू नये. ट्विटरच्या मालिकेत असलेला छोटा कपॅसिटर काढू नये. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचा भार अडवतो. तो नसेल तर ट्विटर थोड्याच वेळात जळतो. बदलायचा झाल्यास बिनध्रुवी कपॅसिटरच घ्यावा. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून स्क्रू हाताला लागेल एवढाच आवळावा.

आता कॅसेटविषयी. मोठ्या मॅग्नेटचा स्पीकर कॅसेटच्या खणाजवळ बसवू नये, आणि काम चालू असताना ग्राहकाची कॅसेट सुट्या स्पीकरशेजारी टेबलावर ठेवू नये. मॅग्नेटने टेपवरील आवाज पुसला जातो आणि पुसलेला आवाज जगातील कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. चाचणी नेहमी आपल्या जवळच्या टाकाऊ कॅसेटवर करावी. सेट नीट चालतो, टेप गुंडाळत नाही याची खात्री झाल्यावरच ग्राहकाची कॅसेट लावावी. शक्य असल्यास त्याच वेळी तो आवाज मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राईव्हमध्ये उतरवून द्यावा. ही स्वतंत्र सेवा आहे आणि तिचे वेगळे पैसे घेण्यात काही गैर नाही.

माल आणि हिशेब

सुट्या भागांसाठी आजही ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हाच मोठा आधार आहे. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने जाणे-येणे सोपे झाले आहे. तरीही एका स्पीकरसाठी फेरी मारणे परवडत नाही. समजा, भाडे, खाणे आणि बुडालेला वेळ मिळून एका फेरीला ६०० रुपये पडतात. एकाच कामासाठी गेलात तर ६०० रुपये त्या कामावर; सहा कामांचा माल एकदम आणला तर प्रत्येकी १००. म्हणून ग्राहकाला पंधरा दिवसांची मुदत स्पष्ट सांगावी आणि मापे जमवून मगच जावे. भंगारात येणाऱ्या सेटमधील चांगले स्पीकर मोजून, ओहम लिहून बाजूला ठेवले तर अर्धी कामे गावातच होतात. मात्र जुना भाग लावला तर जुना असे सांगूनच लावावा.

बिलावर चार ओळी लिहाव्यात : दोष काय होता, काय बदलले, भाग नवा की जुना, आणि हमी किती दिवसांची. काढलेला स्पीकर पिशवीत घालून ग्राहकाला परत द्यावा, तो खराब असला तरी. तो त्याच्या मालकीचा आहे. एवढे केल्याने हातचे काही जात नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयी पोर्टल सुरू केले. वस्तू फेकण्यापेक्षा दुरुस्त करावी हा विचार त्यामागे आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या टू-इन-वनचा मात्र कंपनीकडे ना भाग राहिला ना कारागीर. त्याचा भरवसा आता आपल्या भागातील दुरुस्तीच्या टेबलावरच आहे. ज्या कारागिराने एक सेट मापात आणि खरे बोलून दुरुस्त केला, त्याच्याकडे त्याच गल्लीतून दुसरा सेट येतो. होतकरू मुलांना हे काम शिकवताना आधी मल्टीमीटर हाती द्यावा आणि सोल्डरिंग आयर्न नंतर.